शबनम पिशवी : एका साध्या वस्तूच्या लोकप्रियतेचा सामाजिक इतिहास
(विशेष संदर्भ : शिरपूर जैन व वऱ्हाड)

बीजशब्द : शबनम पिशवी, झोळी, खादी, वऱ्हाड, शिरपूर जैन, विद्यार्थी चळवळ, साधेपणा.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजवटी, लढाया, करार आणि थोर पुरुषांची चरित्रे यांना दीर्घकाळ प्राधान्य मिळाले. त्या तुलनेत सामान्य माणूस रोज जी वस्तू अंगावर वागवतो तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. टोपी, पागोटे, चप्पल, छत्री, पिशवी या वस्तू क्षुल्लक वाटतात. परंतु एकाच प्रकारची वस्तू एकाच काळात हजारो लोकांच्या अंगावर दिसू लागते, तेव्हा त्यामागे काही सामाजिक कारण असतेच. नॉर्वेसारख्या दूरच्या देशात एका विशिष्ट घाटाची पाठपिशवी लहानथोर सर्वांच्या पाठीवर दिसते आणि महाराष्ट्रात एकेकाळी खांद्यावरून लोंबणारी शबनम पिशवी कार्यकर्ता, कवी, पत्रकार व विद्यार्थी यांची ओळख बनली होती, या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाकडे नेतात. बाजारात अनेक पर्याय असताना समाज एकच पिशवी का निवडतो?

प्रस्तुत निबंधात शबनम पिशवीच्या प्रसाराचा आणि ऱ्हासाचा मागोवा ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने घेतला आहे. वस्तूची उपयुक्तता हे तिच्या प्रसाराचे एक कारण असते, एकमेव नव्हे. वस्तू पुरवणारे जाळे, तिचा वापर रुजवणारी संस्था आणि ती वापरल्याने समाजात मिळणारी ओळख या तीन गोष्टी एकत्र आल्या की वस्तूचे चलन वाढते. त्या विलग झाल्या की ते ओसरते, अशी या निबंधाची मांडणी आहे.

शिरपूर जैन : वस्तू आणि व्रत

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर परिचित आहे. माणूस अंगावर काय धारण करतो आणि सोबत काय बाळगतो यातून त्याची ओळख कशी ठरते, हे समजून घेण्यासाठी या गावाइतके समर्पक स्थळ क्वचितच सापडेल. येथे दर्शनाला येणाऱ्या दिगंबर मुनींजवळ मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू यांखेरीज सामान नसते. श्वेतांबर साधूंजवळ रजोहरण असते आणि गोचरीसाठी पात्रे ठेवलेली झोळी असते. दोन्ही परंपरा अपरिग्रहाचेच व्रत पाळतात. पण त्या व्रताचा अर्थ कोणत्या वस्तूंपर्यंत पोहोचतो याविषयी त्यांच्यात भेद आहे. झोळी असणे वा नसणे ही येथे सोयीची बाब नसून व्रताची खूण आहे.

या मंदिरासंबंधीचा वादही मूर्तीवरील कटिसूत्र, कच्छोटा आणि लेप यांच्याशी निगडित राहिला. १९०५ मध्ये दोन्ही पंथांच्या पूजेच्या वेळा ठरविण्यात आल्या. पुढे हे प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले व १९२९ मध्ये त्यावर निर्णय झाला. त्यानंतरही मतभेद मिटले नाहीत. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ च्या मार्च महिन्यात ते भाविकांसाठी खुले झाले. या वादाच्या गुणदोषांची चर्चा करणे हा येथे हेतू नाही. कमरेभोवतीचा एक दोरा शंभर वर्षांहून अधिक काळ दोन समाजांच्या अस्मितेचा विषय होऊ शकतो, एवढे त्यावरून स्पष्ट होते. जी गोष्ट धर्मक्षेत्रात तीव्रतेने आढळते तीच लौकिक जीवनात सौम्य रूपाने आढळते. खांद्यावरची पिशवी हे त्याचेच एक उदाहरण आहे.

वऱ्हाडातील पूर्वपरंपरा

शबनम पिशवी रिकाम्या भूमीत उगवली नाही. खांद्यावर कापडी पिशवी टाकून चालणारा माणूस वऱ्हाडाला शतकानुशतके परिचित होता. आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी पातूर, मेडशी या मार्गाने शिरपूर जैन येथे येते आणि पुढे रिसोडकडे जाते. जुन्या काळी वारकरी खांद्याच्या पुढेमागे दोन खण येतील अशी पडशी वापरीत. तिच्यात शिधा, धोतर आणि पोथी मावत असे. रिद्धपूरशी नाते सांगणाऱ्या महानुभाव पंथात भिक्षेची झोळी हा आचारधर्माचा भाग होता. नाथपंथी जोग्याची झोळी तर मराठी लोककथांतून घरोघरी पोहोचली.

याच जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य व मीठ यांची वाहतूक करणाऱ्या या समाजाचा व्यवसाय १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचल्यानंतर वेगाने खालावला. मात्र बंजारा स्त्रियांच्या भरतकामाच्या, आरसे व कवड्या लावलेल्या पिशव्या टिकून राहिल्या. गोणी लोप पावली आणि सजवलेली पिशवी उरली. उपजीविकेचे साधन नाहीसे झाले तरी ओळखीची वस्तू मागे राहू शकते, हे यावरून दिसते.

संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) यांचे उदाहरण याहून बोलके आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या लोकशिक्षकाच्या हातात खराटा आणि मातीचे गाडगे असे. जेवण्याचे, पाणी पिण्याचे ते भांडेच त्यांचे नाव होऊन बसले. वस्तू माणसाला नाव देते, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाला पुस्तकातून शिकावी लागली नाही. म्हणूनच पुढे 'शबनमवाला' हा शब्द रूढ झाला तेव्हा त्यात कोणालाही नवल वाटले नाही.

खादीचे जाळे

परंपरा असली तरी तिचे आधुनिक चलनात रूपांतर होण्यासाठी पुरवठ्याची व्यवस्था लागते. ती व्यवस्था खादीने उभी केली. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्धा येथे स्थापन झाला आणि १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव येथे, म्हणजे पुढील सेवाग्राम येथे राहावयास गेले. १९३८ मध्ये वर्धा येथे मगन संग्रहालय सुरू झाले. त्यामुळे खादी व ग्रामोद्योगांच्या देशव्यापी कार्याचे केंद्र विदर्भाच्या भूमीत आले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्यान्वये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला आणि खादी भांडारांचा विस्तार झाला.

शबनम पिशवीचा घाट या व्यवस्थेला सर्वथा अनुकूल होता. चौकोनी पिशवी, उघडे तोंड आणि त्याच कापडाचा लांब पट्टा एवढीच तिची रचना असते. तिला बक्कल लागत नाही, कडी लागत नाही, अस्तरही लागत नाही. खादी भांडारात ती तयार मिळे. न मिळाल्यास गावचा शिंपी उरलेल्या कापडातून ती शिवून देई. तिच्यावर कोणाचा छाप नव्हता व तिचा एकस्व अधिकार कोणाकडे नव्हता. शबनम हा फारसी शब्द दवबिंदू या अर्थाचा असून ढाक्याच्या अतितलम मलमलीच्या एका प्रकारालाही तेच नाव होते. राजेरजवाड्यांच्या वस्त्राला शोभणारे हे नाव मराठीत जाड्याभरड्या पिशवीला चिकटावे, यात शब्दांच्या प्रवासाची गंमत आहे.

१९५१ मध्ये पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ झाला व विनोबा भावे यांची पदयात्रा पुढे अनेक वर्षे चालू राहिली. पायी हिंडणाऱ्या सर्वोदयी कार्यकर्त्याला दोन कपडे, टकळी, वही आणि चार पत्रके मावतील एवढीच पिशवी हवी होती. पेटी वा ट्रंक घेऊन पदयात्रा होत नाही. कार्याचे स्वरूप आणि पिशवीचा घाट येथे परस्परांना पूरक ठरले.

शिबिरे, चळवळी आणि शबनम

केवळ उपलब्धतेने कोणतीही वस्तू लोकप्रिय होत नाही. ती कोणाच्या खांद्यावर दिसते याला अधिक महत्त्व असते. १९४१ मध्ये पुनर्रचना झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा व शिबिरे, १९४८ मध्ये सुरू झालेले 'साधना' साप्ताहिक, आनंदवन परिवाराने सोमनाथ येथे भरविलेली श्रमसंस्काराची छावणी आणि १९६७ मध्ये स्थापन झालेले युवक क्रांती दल यांनी महाविद्यालयीन तरुणाला एक नवा आदर्श दिला. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने राष्ट्रीय सेवा योजना देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि विद्यार्थ्यांची शिबिरे खेड्यापाड्यांत पोहोचली. १९७२ चा दुष्काळ, १९७४ चे जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन आणि १९७५ ते १९७७ ही आणीबाणीची वर्षे यांनी त्या पिढीला सार्वजनिक प्रश्नांकडे ओढले.

शिबिर ही अनुकरणाची शाळा असते. आठ-दहा दिवस एकत्र राहणारे तरुण एकमेकांची गाणी उचलतात, बोलण्याची ढब उचलतात आणि पेहरावही उचलतात. जाडसर झब्बा, कोल्हापुरी वहाण आणि शबनम हा संच अशा रीतीने एका गावातून दुसऱ्या गावात गेला. ज्येष्ठ कार्यकर्त्याविषयीचा आदर त्याच्या पिशवीकडेही वळला. १९६० नंतरच्या लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील कवी, प्रायोगिक रंगभूमीवरील कलावंत आणि वृत्तपत्रांचे वार्ताहर यांनीही ती स्वीकारली. हस्तलिखित, अंकांच्या प्रती, प्रुफे असा कागदी ऐवज वाहून नेणाऱ्या सर्वांनाच ती सोयीची होती.

तिचे आणखी एक वैशिष्ट्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. त्या काळी पुरुषांची बॅग आणि स्त्रियांची पर्स यांत स्पष्ट भेद होता. शबनम मात्र दोघांच्याही खांद्यावर सारखीच दिसे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर ज्या तरुणी मोर्चे, पथनाट्ये आणि सर्वेक्षणे यांत उतरल्या, त्यांना हात मोकळे ठेवणारी आणि पुस्तक मावणारी पिशवी हवी होती. स्त्रीपुरुषांना समान असलेली अशी वस्तू त्या काळच्या मध्यमवर्गीय पेहरावात विरळाच होती.

साधेपणाचा अर्थ आणि त्याच्या मर्यादा

शबनमने बाळगणाऱ्याविषयी एक विधान केले. मजजवळ फारसे काही नाही व मला फारसे काही नको, असे ते विधान होते. परंतु हे विधान कोण करू शकतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. ज्याच्या घरी सागवानी कपाट आहे त्याने फाटकी पिशवी घेतली तर तो त्याग ठरतो; ज्याच्या घरी दोरीवरच सारे कपडे आहेत त्याने तीच पिशवी घेतली तर ते केवळ दारिद्र्य ठरते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात स्वच्छ राहण्याचा आणि हीनतेची खूण बनलेली वस्त्रे व दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. त्यांचा स्वतःचा पाश्चात्त्य पेहरावही याच भूमिकेशी सुसंगत होता. ज्या समाजावर शतकानुशतके फाटके नेसण्याची सक्ती झाली त्याच्या दृष्टीने नीटनेटके कपडे आणि चामड्याची चांगली बॅग ही चैन नव्हती, तो हक्क होता. पहिल्या पिढीतील शिक्षित तरुणाने कडक इस्त्रीचा सदरा पसंत केला आणि तिसऱ्या पिढीतील शिक्षित तरुणाने चुरगळलेला झब्बा पसंत केला, तर दोघांच्या आवडीत भेद नसून दोघांच्या इतिहासात भेद आहे, असे म्हणावे लागते. शबनम संस्कृतीच्या गौरवात ही बाजू बहुधा सुटून जाते. साधेपणा हे मूल्य असले तरी त्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही.

याचा अर्थ ती पिशवी बाळगणारे ढोंगी होते असा नव्हे. पुष्कळांनी त्या पिशवीबरोबर आयुष्यही बदलले. परंतु वस्तू स्वस्त असल्याने तिचा आदर्श न स्वीकारता ती स्वीकारणे सहज शक्य होते. जसजसे असे बाळगणारे वाढले तसतसा तिचा अर्थ पातळ होत गेला आणि ती विनोदाचा विषय बनली. दाढी, झब्बा व शबनम ही व्यंगचित्रातील कार्यकर्त्याची ठरीव ओळख झाली. २००४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सल्लागार परिषद स्थापन केल्यानंतर 'झोलावाला' हा शब्द देशाच्या राजकीय चर्चेत सर्रास उपरोधाने वापरला गेला.

नॉर्वेचे उदाहरण : एक तुलना

नॉर्वेच्या उदाहरणाशी तुलना केल्यास शबनमचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. तेथे पाठपिशवी ही राष्ट्रीय जीवनाचीच वस्तू आहे. ओले बर्गन या नॉर्वेजियन गृहस्थाने १९०९ मध्ये पाठीच्या आकाराला जुळणाऱ्या चौकटीच्या पाठपिशवीचे एकस्व मिळविले होते. मोकळ्या निसर्गात हिंडण्याची आवड त्या समाजात खोलवर रुजलेली असून १९५७ च्या कायद्याने रानावनात फिरण्याचा सर्वांचा हक्क मान्य केला. अशा समाजात शेजारच्या स्वीडनमधून 'कोंकेन' ही पिशवी आली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फ्येलरेवेन या कंपनीने ती १९७८ मध्ये शाळकरी मुलांच्या पाठीवरील ताण कमी व्हावा म्हणून बाजारात आणली. चौकोनी आकार, दोन पट्टे, वर धरण्यास मूठ आणि दर्शनी भागावर कोल्ह्याचे गोल चिन्ह असे तिचे रूप असून ते दीर्घकाळ जवळजवळ जसेच्या तसे राहिले आहे.

आक्सेल सांदेमुसे यांच्या १९३३ च्या कादंबरीतून 'यांतेचा नियम' ही संकल्पना स्कँडिनेव्हियात रूढ झाली. इतरांहून स्वतःला श्रेष्ठ समजू नये, असे त्या नियमाचे सार सांगितले जाते. दिखाऊ श्रीमंतीविषयी संकोच असलेल्या अशा समाजात जी पिशवी विद्यार्थ्यालाही शोभते आणि नोकरदारालाही शोभते ती सर्वमान्य होणे स्वाभाविक होते. शबनम आणि कोंकेन या दोन्ही पिशव्यांनी समतेची भाषा केली, हे त्यांच्यातील साम्य होय. भेद असा की, कोंकेनच्या पाठीशी मालक, चिन्ह, कारखाना आणि विक्रीची यंत्रणा आहे. शबनमच्या पाठीशी केवळ विचार होता. ज्या वस्तूला मालक नसतो ती विचार सशक्त असेपर्यंत वेगाने पसरते आणि विचार क्षीण झाला की तिची बाजू घेणारा कोणी उरत नाही.

दप्तराचे ओझे आणि सॅकचा उदय

शबनमच्या ऱ्हासाला भौतिक कारणेही होती. एका खांद्यावर सारा भार टाकणारी ही पिशवी चार पुस्तकांपलीकडे त्रासदायक ठरते. शिक्षणाचे स्वरूप बदलले तसे ओझे वाढले. १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या भाषणात आर. के. नारायण यांनी दप्तराच्या ओझ्याखाली वाकलेल्या मुलांचा प्रश्न मांडला. त्यानंतर नेमलेल्या प्रा. यशपाल समितीने १९९३ मध्ये अहवाल सादर केला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे असे निर्देश दिले आणि २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण आले. स्वीडनमध्ये मुलांच्या पाठीच्या प्रश्नाला पिशवीचा घाट बदलून उत्तर शोधले गेले. आपल्याकडे परिपत्रके निघाली आणि पिशवी बाजारावर सोपविली गेली.

दुचाकी वाहनांचा प्रसार, शिकवणी वर्गांची जाड पुस्तके आणि २००० नंतर आलेले लॅपटॉप यांमुळे दोन पट्ट्यांची, अस्तराची, चेन असलेली सॅक अपरिहार्य झाली. ती बहुतांशी पॉलिस्टर वा नायलॉन यांची असते. वऱ्हाडाच्या संदर्भात या बदलाला आर्थिक अर्थ आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१-१८६५) ज्या प्रदेशाच्या कापसाने इंग्लंडच्या गिरण्या चालल्या, ज्या राज्याने १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली, त्या प्रदेशातील विद्यार्थ्याच्या पाठीवर आज कापसाचा धागा नाही. वाशीम जिल्ह्याचे प्रमुख पीक आता सोयाबीन आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या ६ जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना घोषित केली त्यांत वाशीमचा समावेश होता. पिशवीतून सूत गेले तेव्हा ते एकटे गेले नाही. पिंजारी, विणकर आणि शिंपी यांच्या हातची कामेही गेली. जाताना कोणी त्याची नोंद घेतली नाही, कारण नवी पिशवी खरोखरच अधिक सोयीची होती.

२०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीला पुन्हा मागणी आली. तथापि ही पिशवी बाजारहाटाची आहे. तिच्यामागे कायदा आहे, शबनममागे होती तशी आकांक्षा नाही. कायदा पिशवी हातात देऊ शकतो; ती अभिमानाने खांद्यावर घेण्याचे कारण समाजालाच निर्माण करावे लागते.

निष्कर्ष

१. शबनम पिशवीच्या लोकप्रियतेमागे वारकरी पडशी व साधूंची झोळी ही सांस्कृतिक पूर्वपीठिका, खादी भांडारांचे जाळे आणि शिबिरांतून घडणारे अनुकरण या तीन घटकांचा संयोग होता.

२. पिशवीने व्यक्त केलेला साधेपणा सर्व थरांना समान अर्थाचा नव्हता. वंचितांच्या दृष्टीने नीटनेटका पेहराव हीच परिवर्तनाची खूण होती, हे लक्षात घेतल्याशिवाय शबनमचा इतिहास पूर्ण होत नाही.

३. नॉर्वेतील पाठपिशवी आणि शबनम यांची तुलना करता, समतेचे मूल्य वस्तूला लोकप्रिय करते आणि संघटित उत्पादन तिला टिकविते, असे दिसून येते.

४. शबनमचा ऱ्हास हा केवळ आवडीतील बदल नाही. त्यात चळवळींची ओहोटी, शिक्षणाचे वाढते ओझे आणि कापूसप्रदेशाचे कापसापासून तुटणे या तिन्ही प्रक्रिया सामावल्या आहेत.

शिरपूर जैन येथे अपरिग्रही मुनी आजही येतात आणि त्यांच्या दर्शनासाठी पाठीवर सॅक घेतलेले तरुणही येतात. माणसाने किती बाळगावे हा प्रश्न त्या दोघांच्या मधल्या जागेत कायम उभा आहे. शबनम पिशवीने एका पिढीपुरते त्याचे एक उत्तर दिले होते. ते उत्तर अपुरे होते, तरी प्रश्न खरा होता. आणि म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूला इतिहासात स्थान देणे उचित ठरते.